तयारीत राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं? (ख्रिस्ती वाचकांसाठी, आणि इतरांसाठीही)

रात्रपाळी

सर्वांना सलाम.

आगमनकाळ (नाताळाआधीचे साधारण चार आठवडे) सुरू झालाय म्हणून हा धागा काढतेय. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. २३-२४ सप्टेंबरला प्रभू येशू पुन्हा येणार आणि विश्वासी लोक वर घेतले जाणार, असं त्यात होतं. आमच्या प्रार्थना मंडळाच्या ग्रुपवर त्याने धुमाकूळ घातला. एका काकूंनी मुलीच्या लग्नाची बैठक पुढे ढकलली. एकीने विचारलं, मुलाच्या क्लासचा दुसरा हप्ता भरू की थांबू? २५ तारीख उजाडली आणि त्या विषयावर कोणी अवाक्षर काढलं नाही. ज्या काकूंनी बैठक ढकलली होती, त्यांना साधा फोनही कोणी केला नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

तारखेवर मला वाद घालायचा नाही. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, २४:३६ मध्ये, प्रभूनेच सांगून ठेवलंय की तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे. माझ्यापुरता विषय तिथे संपतो. पण त्याच अध्यायात तोच प्रभू जागे राहा, सिद्ध असा, असंही बजावतो. मग तारीख ठाऊक नसताना सिद्ध असायचं म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय करायचं? मला यावर बोलायचंय.

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, बहुतेक रात्रपाळीलाच असते. शेवटच्या दिवसांत माणसं काय मागतात ते जवळून दिसतं. कोणी पाणी मागतं, कोणी प्रार्थना मागतं, पण सगळ्यात जास्त वेळा माणूस दुसऱ्या माणसाचं नाव घेतो. एक शेतकरी आजोबा होते. बांधाच्या भांडणावरून सख्ख्या भावाशी बोलणं तुटलेलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सरकवून, मध्ये मध्ये दम घेत, त्यांनी मला भावाचा नंबर एकेक आकडा करून सांगितला. कित्येक वर्षांत फोन केला नव्हता, पण नंबर तोंडपाठ होता. मी लावून दिला. भाऊ पहाटेच्या एसटीने आला. मी पडदा ओढून बाजूला झाले.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की सिद्धतेतली मोठी बाजू माणसांची आहे. मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पण एवढ्याने भागतं का? तुमच्या घरात, मंडळीत काय शिकवलंय ते सांगा.

गिरीजची_पोर

ताई, चांगला विषय काढलात. मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारचं शुभवर्तमान जागे राहण्याबद्दलचंच असतं. यंदा मत्तय २४ मधलंच होतं, महापुराआधीच्या, नोहाच्या दिवसांचं. लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते. फादरांनी एक गोष्ट दाखवून दिली ती माझ्या मनात राहिली. या यादीत एकही पाप नाही. सगळी रोजची, चांगली कामं आहेत. ती करता करता माणूस बेसावध होतो.

रोज काय करायचं म्हणाल, तर आमच्या आजीचा एक नेम होता. रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, झाली की ती घरातल्या प्रत्येकाला, अगदी मोलकरणीलाही, म्हणायची, "आज माझ्याकडून काही दुखावलं असेल तर माफ करा गो." लहानपणी आम्हाला ते नुसतं पाठ केलेलं वाटायचं. रोझरीच्या पाच दशकांत (दहा-दहा मण्यांच्या गटांत) आणि सुरुवातीच्या तीन मण्यांत मिळून ५३ वेळा 'नमो मरिया' म्हटली जाते, आणि प्रत्येक वेळी शेवटी दोनच वेळांचा उल्लेख येतो: आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी. मधल्या काळाचं नावच नाही. हे नीट ऐकलं तर एका रोझरीत ५३ वेळा तयारीची आठवण होते.

संत इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात दिवसाची तपासणी शिकवली, ती मी अलीकडे करते. आधी दिवसाबद्दल आभार, मग प्रकाशाची मागणी, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा, चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एक निश्चय. पंधरा मिनिटं पुरतात. कन्फेशनला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) नाताळाच्या आदल्या आठवड्यात रांगा लागतात, पण हे रोज केलेलं असलं की तिथे काय सांगायचं ते शोधावं लागत नाही.

मारानाथा_९७

सगळ्यांचा आदर ठेवून बोलतो. मी पेन्टेकॉस्टल मंडळीत जातो, आणि तो व्हिडिओ मीही पुढे पाठवला नव्हता, कारण तारीख सांगणं वचनाविरुद्ध आहे. पण अशा चर्चांमध्ये मला नेहमी एक गोष्ट खटकते. तारखेवाल्यांना बाजूला काढता काढता जुन्या मंडळ्यांनी प्रभूचं येणंच बाजूला काढलंय. वर्षभरात किती प्रवचनं होतात पुनरागमनावर? निकायाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या जुन्या कबुलीत, दर रविवारी म्हणायचं की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, आणि मग बाहेर येऊन चहा घ्यायचा. पहिल्या शतकातले विश्वासी 'मारानाथा' (हे आमच्या प्रभू, ये) म्हणत, पौलाने तो शब्द अरामीतच ठेवलाय (१ करिंथ १६:२२). बायबलचं शेवटून दुसरं वचन 'ये, प्रभू येशू' हेच आहे. ताई, समेट, क्षमा, हिशेब हे सगळं बरोबर आहे. पण ते चांगल्या माणसाने कोणत्याही धर्मात करावं असं आहे. ख्रिस्ती सिद्धता म्हणजे एका व्यक्तीची वाट पाहणं. ती ओढ नसेल तर बाकी सगळं शिस्त म्हणून उरतं.

जुनं_वाचनालय

मारानाथा, तुमचा मुद्दा पटतो. थोडी इतिहासाची भर घालतो.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता. बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायातल्या २३०० दिवसांवरून त्याने हिशेब मांडला, आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी उभी पिकं काढलीच नाहीत, काहींनी दुकानं बंद केली. २३ तारखेची सकाळ त्यांच्यावर कशी गेली असेल याचा विचार करा. त्या दिवसाला इतिहासात 'महानिराशा' हेच नाव पडलं. यातले पुष्कळ लोक प्रामाणिक होते, प्रभूवर मनापासून प्रेम करणारे होते, म्हणून त्यांच्यावर हसणं मला कधी जमलं नाही. त्यांच्यातल्याच एका गटातून पुढे १८६३ साली सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, आणि तिने जगभर शाळा आणि दवाखाने काढले. पुण्यात औंधला त्यांची स्पायसर ही शिक्षणसंस्था आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाट पाहणं त्यांनी सोडलं नाही, पण हाताला काम घेतलं.

याच्या उलट उदाहरण १९ मे १७८० चं. त्या दिवशी न्यू इंग्लंडमध्ये भर दुपारी अंधार पडला. वणव्यांचा धूर आणि ढग हे कारण आज सांगतात. लोकांना वाटलं, न्यायाचा दिवस आला. कनेटिकटच्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात बैठक चालू होती, ती तहकूब करावी अशी सूचना आली. तेव्हा अ‍ॅब्राहम डेव्हनपोर्ट हे सदस्य उठले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: न्यायाचा दिवस एकतर आलाय किंवा आलेला नाही. आला नसेल तर सभा थांबवायचं कारण नाही, आणि आला असेल तर मी माझं कर्तव्य करताना सापडलेला बरा. मेणबत्त्या आणा. सभा पुढे चालली. भीतीने गुडघे टेकलेल्यांपेक्षा त्यांचा विश्वास कमी होता असं मला वाटत नाही.

मुक्काम_मेलबर्न

हे वाचून मार्टिन लूथरचं वाक्य आठवलं. उद्या जग बुडणार असं कळलं तरी मी आज सफरचंदाचं रोप लावीन. इथे आमच्या मराठी उपासनेत गेल्याच महिन्यात ते सांगितलं गेलं.

जुनं_वाचनालय

वाक्य सुंदर आहे, पण लूथरचं नाही. त्याच्या लिखाणात ते कुठेही सापडत नाही. त्याच्या नावावर ते पहिल्यांदा दिसतं १९४४ साली, जर्मनीत, नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या मंडळीच्या एका परिपत्रकात. बॉम्ब पडत असताना, रोज कोणी ना कोणी मरत असताना लोकांनी हे वाक्य धरून ठेवलं. मला तर त्यामुळे ते जास्तच मोलाचं वाटतं.

पाथर्डीचा_पाळक

सलाम. मी निवृत्त पाळक आहे. जरा लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

सिद्धतेवर बोलताना सगळे मत्तय २५ च्या दहा कुमारींकडे वळतात: रात्री वराची वाट पाहणाऱ्या दहा जणी, पाच शहाण्यांनी दिव्यांसाठी जादा तेल घेतलेलं, पाच मूर्खांनी नाही. मी आधी मार्क १३:३४ कडे जातो. घरधनी परदेशी जाताना दासांना प्रत्येकाचं काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगतो. पुढे चार वेळा येतात: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवायची वेळ, सकाळ. रोमी पहाऱ्याच्या या चार पाळ्या. यांतल्या कोणत्याही पाळीत धनी येईल.

नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांना या द्वारपाळाची ओळख करून द्यावी लागत नाही. आमचे पूर्वज महार, आणि गावची वेस राखणं हे महारांच्या अंगावरचं काम. माझे पणजोबा वेसकर होते. आजी सांगायची ते असं: दिवेलागणीनंतर वेशीचे दरवाजे लावायचे. परका माणूस आला तर कुठून आला, कोणाकडे उतरला, ते पाटलाच्या कानावर घालायचं. रात्री काठी आपटत फेरी मारायची. पहाटे वेस उघडायची. आता यात बघा, वेसकर रात्रभर रस्त्याकडे डोळे लावून बसत नव्हता. तसा बसला असता तर मागून खळ्यात चोर शिरला असता. त्याचं जागं राहणं फिरतं होतं. कडी लागली का, कोणाचं जनावर सुटलं का, कुठून जळल्याचा वास येतोय का, कोणाच्या घरातून कण्हणं ऐकू येतंय का. धन्याची वाट पाहणं आणि गावाची काळजी घेणं त्याच्याकडे दोन वेगळी कामं नव्हती. मारानाथा, तुम्ही आणि रात्रपाळीताई मला इथे एकत्र भेटता.

पण आजी दुसरीही गोष्ट सांगायची, आणि ती सांगताना तिचा आवाज बदलायचा. सकाळी वेसकराने दारोदार जाऊन भाकरी मागायची, आणि ती वरून टाकली जायची. हाताला हात लागू द्यायचा नाही. सगळ्या गावाची वेस राखणारा माणूस स्वतः वेशीबाहेर राहायचा.

आता लूक १२:३७ उघडा. धनी रात्री परत येतो, दास जागे सापडतात. मग धनी काय करतो? स्वतः कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि जवळ येऊन त्यांना वाढतो. धनी वाढतो! ज्याच्या पदरात भाकरी वरून पडत आली, त्याच्या घरात हे वचन पहिल्यांदा कोणी मोठ्याने वाचलं असेल, तेव्हा काय झालं असेल? आमचे लोक ख्रिस्ताकडे का आले याची कारणं पुस्तकांत बरीच दिली आहेत. दुष्काळ, शाळा, मिशनरी. ती खोटी नाहीत. पण माझ्या लेखी हे एक वचन त्या सगळ्यांना पुरून उरतं.

मी पन्नासेक वर्षं पुनरागमनावरची प्रवचनं ऐकत आलोय. बहुतेक सगळी भीतीवर चालतात. दार बंद होईल, तू बाहेर राहशील. दार बंद होतं, हे मत्तय २५ मध्ये आहे आणि मी ते खोडत नाही. पण येणारा कसा आहे, यावर वाट पाहायची रीत ठरते. तपासायला येणारा साहेब असेल तर माणूस कागद लपवतो. वाढायला येणारा धनी असेल तर माणूस घर झाडतो, दिवा लावतो, शेजाऱ्यालाही बोलावतो. रात्रपाळीताईंनी सांगितलेल्या काकूंनी लग्नाची बैठक पुढे ढकलली ती पहिल्या प्रकारच्या धन्याच्या धाकाने. त्यांना कोणीतरी दुसऱ्या धन्याबद्दल सांगायला हवं होतं. ते काम त्यांच्या पाळकाचं.

माधव_सातारा

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. पाळकसाहेबांचा प्रतिसाद दोनदा वाचला. वेसकराच्या भाकरीचा परिच्छेद वाचून आमच्या बाजूने मान खाली घालावी लागते, तेवढं नोंदवून माझा प्रश्न विचारतो.

गीतेच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की अंतकाळी माणूस ज्याचं स्मरण करत देह सोडतो, त्यालाच तो जाऊन मिळतो. आमचे आजोबा म्हणायचे की शेवटच्या क्षणी नाम आपोआप तोंडी येत नाही, त्यासाठी जन्मभर घ्यावं लागतं. तुमच्याकडे वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट मी वाचली आहे. त्याने तर जन्मभर काहीच केलं नाही, आणि शेवटच्या तासात त्याला सुखलोक मिळाला. मग रोजच्या तयारीला अर्थ काय राहिला?

पाथर्डीचा_पाळक

माधवराव, प्रश्न नेमका आहे. तुमच्या आजोबांचं म्हणणं मी आमच्या मंडळीत आनंदाने सांगेन, कारण सवयीबद्दल ते खरं आहे. चोराच्या बाबतीत माझं उत्तर असं. त्याला जे मिळालं ते कृपेने मिळालं, आणि जन्मभर रोज प्रार्थना करणाऱ्यालाही शेवटी कृपेनेच मिळतं. तयारीने स्वर्ग विकत घेता येत नाही. मग तयारी कशाला? त्या चोराला येशूबरोबर काही तास मिळाले, तेही वधस्तंभावर. मला त्याच्याबरोबर साठ वर्षं मिळाली. मी ती फुकट घालवली असती असं म्हणायचं का? ज्याच्याकडे जायचंय त्याच्याबरोबर आजच राहायला लागणं, एवढाच माझ्या लेखी तयारीचा अर्थ आहे.

दौंड_पॅसेंजर

केडगावचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? मुक्ती मिशन आमच्या तालुक्यातलं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली आणि विधवांना घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ साली तिथे जे आत्मिक संजीवन झालं ते जगभर गाजलं. मुली रडत, गात, तासन्‌तास प्रार्थना करत. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच मुली शेतीत, मागावर, छापखान्यातही काम करत होत्या, आणि टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जात होत्या.

आणि रमाबाईंची अखेर पाहा. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांनी ऐकू येईनासं झालेलं. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर सगळी भिस्त होती, ती जुलै १९२१ मध्ये गेली. त्यानंतरही रमाबाई भाषांतराचं काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत आयुष्य दे अशी त्यांनी प्रार्थना केली होती आणि काम संपल्यावर त्या झोपेत गेल्या, असं आमच्याकडे सांगतात. पोरगी गेल्यावर आई पुन्हा टेबलाशी बसते आणि कुठल्यातरी खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून ओळी तपासते. रात्रपाळीताई, रोज काय करायचं या तुमच्या प्रश्नाला मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही.

कॅम्पातली_लेक

मी हा धागा चार दिवस नुसता वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. आयुष्यभर महिला मंडळात, संडे स्कूलमध्ये. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं तिला एकामागून एक पाठ. आता ती मला ओळखत नाही. प्रार्थना करू या म्हटलं की कधी चिडते, कधी हसते. मागच्या महिन्यात आलेल्या एका उपदेशकाने घरी येऊन सांगितलं की हिच्यासाठी जोरात प्रार्थना करा, नाहीतर प्रभू आला तर ही अशा अवस्थेत सापडेल. त्या दिवसापासून मला झोप नाही. जिला प्रभूचं नावही आठवत नाही, ती जागी कशी राहणार? दिवसाची तपासणी, समेट, काम, यातलं तिला आता काहीच करता येत नाही.

पाथर्डीचा_पाळक

बाळ, तुझ्या आईबद्दल कोणी तसं बोललं याचं मला पाळक म्हणून दुःख आहे. त्याने वचन अर्धवट वाचलंय.

दहा कुमारींचा दाखला पुन्हा काढ. मत्तय २५:५. वराला उशीर झाला तेव्हा कोण झोपलं? पाच मूर्ख? नाही, सगळ्या. शहाण्या पाचही पेंगल्या आणि झोपल्या. प्रभू त्यांना झोपेबद्दल एक शब्दही बोलत नाही. त्यांचं तेल झोपायच्या आधी भरून ठेवलेलं होतं. तुझ्या आईने ते सत्तर वर्षं भरलंय, आणि संडे स्कूलच्या पोरांच्या दिव्यांतही ओतलंय.

आणि १ थेस्सल ५:१० लिहून आईच्या उशाशी लाव. ज्या अध्यायात पौल जागे राहा, सावध राहा म्हणतो, त्याच अध्यायात तो म्हणतो की आपण जागे असलो किंवा झोपलेले असलो तरी ख्रिस्ताबरोबर जगावं म्हणून तो आपल्यासाठी मेला. झोपलेले असलो तरी, असं स्पष्ट लिहिलंय. तुझी आई प्रभूला विसरली असेल. प्रभू तिला विसरलेला नाही. आता तिच्या वाट्याचं जागं राहणं मंडळीने करायचं. तुझ्या मंडळीतल्या कोणाला तरी सांग, आठवड्यातून एक रात्र आईजवळ बसायला या, म्हणजे तुला झोप मिळेल.

रात्रपाळी

कॅम्पातली लेक, मी पुण्यातच आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. सुट्टीच्या रात्री मी येऊ शकते. एक अनुभव सांगते. असे रुग्ण नावं विसरतात, पण लहानपणी पाठ केलेली गाणी पुष्कळदा टिकतात. प्रार्थनेला बसवू नका, तिला आवडणारं एखादं पद तिच्या कानाजवळ हळू म्हणा. ओठ हलले तर हलले. नाही हलले तरी म्हणत राहा.

मारानाथा_९७

पाळकसाहेब, सलाम. वेसकराबद्दल घरी वडिलांना विचारलं. आमचेही पणजोबा येसकरच होते. आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मी 'ये, प्रभू येशू' म्हणणं सोडणार नाही. पण लूक १२:३७ मी इतक्या वेळा वाचूनही तिकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आमच्या युवक गटात येत्या शनिवारी हाच भाग घेतोय. रात्रपाळीताई, आम्ही काही जण रुग्णालयात भेटी द्यायला येऊ इच्छितो. मत्तय २५ च्या शेवटी तेच आहे ना, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात. कसं करायचं?

रात्रपाळी

या जरूर. आधी मेट्रनची लेखी परवानगी घ्या, आणि भेटीच्या वेळेतच या. जनरल वॉर्डात या, अतिदक्षतेत नको. दोघादोघांनी फिरा. रुग्णाने मागितली तरच प्रार्थना करा, आणि ती हळू आवाजात, शेजारच्या खाटेवर कोणी झोपलेलं असतं. रुग्ण कोणत्या धर्माचा आहे ते विचारू नका. बऱ्याच जणांकडे दिवसभर कोणीच येत नाही. त्यांना मोबाइल चार्ज करून हवा असतो, पाण्याची बाटली भरून हवी असते, घरी फोन लावून हवा असतो. ते करा.

वकील_अंबरनाथ

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत आहे, मूळ घराणं अँग्लिकन. एक मुद्दा राहून गेलाय. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या भेटीची जी उपासना आहे, तिच्यात पाळकाला सूचना आहे की रोग्याने मालमत्तेची व्यवस्था केली नसेल तर त्याला मृत्युपत्र करायला सांगावं, आणि कोणाचं देणं-घेणं आहे ते जाहीर करायला लावावं. पुढे असंही आहे की लोकांनी धडधाकट असतानाच ही व्यवस्था करावी, याची त्यांना वारंवार आठवण द्यावी. उपासनेच्या पुस्तकात, पापांच्या क्षमेच्या शेजारी, मृत्युपत्र! आपल्या लोकांना मात्र ते अशुभ वाटतं. बापामागे भावाभावांत फूट पडून चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसणारी घरं मी पाहिली आहेत. एक कागद केला असता तर ते टळलं असतं.

कॅम्पातली_लेक

वकीलसाहेब, आईच्या नावावर राहतं घर आहे. आता तिचं मृत्युपत्र करता येईल का? आणि माझं स्वतःचं करायचं तर काय लागतं?

वकील_अंबरनाथ

ताई, आईंच्या बाबतीत कायदा असं बघतो की सही करताना आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं का. तुम्ही सांगताय त्या अवस्थेत ते दाखवणं फार अवघड, आणि उद्या कोणी आव्हान दिलं तर टिकणार नाही. त्यांच्याकडून सही घेऊ नका. मृत्युपत्र नसेल तर आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, त्यात वाटे ठरलेले आहेत. भावंडांना आत्ताच एकत्र बसवून ते समजावून सांगा, आई असताना.

तुमचं स्वतःचं मात्र या महिन्यातच करा. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी. तुमची सही हवी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायला हव्यात. ज्याला तुम्ही काही देताय त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात अशा साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते. मंडळीतले दोन बाहेरचे लोक घ्या, वयाने तुमच्यापेक्षा लहान.